इंदूच्या रंगाचा चमचा

या, या, पुढं सरका. मागं बसलं की गोष्ट कानापर्यंत येते आणि तिथंच बसकण मारते, काळजापर्यंत पोचत नाही. पाण्याचा तांब्या इकडं ठेवा, फोनचं तोंड बंद करा आणि मांडी नीट घाला, कारण मी एकदा सुरू केलं की मध्ये उठू देणार नाही. गोष्ट देवाची आहे का म्हणाल, तर देव तिच्यात कुठं येत नाही. आणि तरीही ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणाल की तिच्यात दुसरं कुणी नव्हतंच!

तर मिरजेच्या इंदुमती ओताऱ्यांचा डावा हात रविवारी सकाळी साडेनऊ वाजता कोपरापर्यंत राखाडी प्लास्टिकचा झाला.

त्या वेळी त्या नवऱ्याला चहा देत होत्या. एरवी कप टेबलावर ठेवताना बांगड्या वाजायच्या. आज ‘टक्’ असा आवाज आला, रिकामी साबणदाणी फरशीवर पडावी तसा. जनूभाऊंनी मान वर केली.

जनार्दन ओतारी, म्हणजे आपले जनूभाऊ, तीस वर्षं बसगाड्या रंगवून निवृत्त झालेले गृहस्थ. आता ते छोट्या गाड्या करतात. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात, एका चौकटीला देठांनी लटकलेले, घोसाला कैऱ्या लटकाव्यात तसे. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. खऱ्या गाडीचा बरोबर चोविसावा हिस्सा. त्या सकाळी त्यांच्यापुढं लांब नाकाची एक जुनी गाडी होती. खाली चंदेरी रंगाचा हात मारलेला आणि त्यावर पारदर्शक लाल रंगाचे पातळ थर, एकावर एक, एकावर एक. डाळिंब आतून पिकत जावं तसा रंग चढत होता. चार थर झाले होते. पाचव्यासाठी फवारणीचं पेन हातात होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बायकोचा हात हातात घेतला.

“वा!” ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, भीती नाही वाटली त्यांना. आधी कौतुकच वाटलं. काय साचा होता! पेरांवरच्या सुरकुत्या, नखांच्या कडा, मनगटावरचा तव्याचा जुना चटका, सगळं जसंच्या तसं. बांगड्यासुद्धा हाताबरोबरच ओतलेल्या. फक्त अंगठ्यापासून कोपरापर्यंत साच्याच्या दोन भागांची शिवण उठून दिसत होती, केसाएवढी जाड. आणि कोपराच्या टोकाला बारकासा देठ राहिला होता, चौकटीतून तोडताना राहतो तसा.

“कौतुक नंतर करा,” इंदूताई म्हणाल्या. “पाच वाजता कीर्तन आहे.”

“दुखतंय का?”

“दुखत नाही. पण टाळ धरवत नाही. आणि वर चढतंय. मघाशी मनगटाशी होतं.”

“केव्हा सुरू झालं?”

“कणीक मळताना. मला वाटलं, पीठच लागलंय.”

आता कीर्तनाचं सांगायला हवं. नदीकडच्या दत्ताच्या देवळात सात दिवसांचा उत्सव होता आणि तो शेवटचा दिवस. कीर्तनाला शरयूबाई. शरयूबाई उभ्या राहिल्या की गाभाऱ्यातली समईसुद्धा सरळ जळते, असं आमच्याकडं म्हणतात. पण बाईंच्या मागं झील धरायला लागतात त्या इंदूताईच. बाई पदाचा शेवटचा शब्द सोडतात, तो शब्द जमिनीवर पडायच्या आत इंदूताई मागून उचलतात आणि धरून ठेवतात. बाई श्वास घेतात तेवढा वेळ अख्खं देऊळ त्या एका सुरावर उभं असतं. मी तिथं बसलेली माणसं डोळे मिटून रडताना पाहिली आहेत, आणि विचारलं तर म्हणतात, धूर गेला डोळ्यात.

इंदूताईंनी तिथंच उभ्या उभ्या षड्ज लावून बघितला. सूर लागला. पण त्याला कोपराखालचा भाग नव्हता.

दोघांनीही तो ऐकला.

“गळ्यापर्यंत चढलं की संपलं,” इंदूताई म्हणाल्या. “बोलता येईल. गाता नाही यायचं.”

जनूभाऊ ताडकन उठले. चहा तसाच राहिला. “रंगवू!” ते म्हणाले. “इंदू, रंगवून काढू! घासायचं, अस्तर मारायचं, रंगाचे थर द्यायचे. पाचच्या आत होतंय!”

“मला रंगवणार?”

“तुलाच! इतक्या गाड्या केल्या, पण अशी वस्तू कधी हाताखाली आली नाही.”

“वस्तू म्हणा. तेवढंच राहिलं होतं.”

पण स्टूल ओढून त्या गॅलरीत बसल्या. ऊन चांगलं होतं, वारा पडलेला होता. रंगकामाला याहून चांगला दिवस मागून मिळत नाही. जनूभाऊंनी कोमट पाण्यात साबण कालवून हात धुतला, म्हणजे साच्याचं तेल निघून जावं. चिमट्यानं कोपराचा देठ कापला. मग पाणीपेपर घेतला. आधी चारशे नंबरचा, मग आठशेचा, मग दोन हजारांचा. पाण्यात बुडवायचा, हलक्या हातानं फिरवायचा, बोटाच्या टोकानं तपासायचं, परत बुडवायचा.

“गुदगुल्या होतायत,” इंदूताई म्हणाल्या.

“प्लास्टिकला गुदगुल्या होत नाहीत. हलू नको.”

आणि इथंच, मंडळी, ती चूक झाली. तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? बायकोच्या गालाकडं बघून आधी तिचा रंग कालवून ठेवला असता. गाल अजून जिवंत होता, मान होती, कपाळ होतं. पण ज्याला या कामाचा नाद आहे त्याला हे सुचतच नाही. त्याच्या मनात एकच मंत्र असतो: रंग नंतर, आधी घासकाम. रंगाखाली काही लपत नाही. शिवण राहिली तर चकाकी आल्यावर ती दुप्पट दिसते. म्हणून जनूभाऊ घासत राहिले. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात शिवणीचा एक तांदळाएवढा तुकडा होता, तो काही केल्या जाईना. त्या तुकड्यापायी त्यांनी एक तास चाळीस मिनिटं मान वर केली नाही.

केली तेव्हा इंदूताई सगळ्याच राखाडी झाल्या होत्या.

लुगडं लुगड्यासारखं होतं, हिरवं, काठाचं. आत मात्र कपाळ, नाक, गळा, कान, सगळं एका रंगाचं. केसांच्या रेघा कोरलेल्या. भांगसुद्धा साच्यात आला होता. डोळे तेवढे ओले होते.

“झालं घासून?” त्या म्हणाल्या. आवाज होता, पण त्याला चढ नव्हता, उतार नव्हता. स्टँडवर बसची घोषणा व्हावी तसा.

“इंदू, तुझा रंग कुठं गेला?”

“तुम्ही घासत होतात तेव्हा गेला. डाव्या गालावर बराच वेळ होता. मला वाटलं, आता बघतील वर, मग बघतील वर.”

“हाक नाही मारायची?”

“मारली की. दोनदा. तुम्ही म्हणालात, हलू नको.”

साडेअकरा वाजले होते. जनूभाऊंनी अस्तराचा हात मारला, कारण अस्तराला रंग माहीत असावा लागत नाही. ते वाळेपर्यंत टेबलाचा खण उघडला. खणात चमचे. आइस्क्रीमबरोबर मिळतात ते प्लास्टिकचे पांढरे चमचे, एकशे बारा. रंग गाडीवर मारायच्या आधी चमच्यावर मारून बघायचा, ही त्यांची रीत. प्रत्येक चमच्याच्या पाठीवर नाव आणि थरांची संख्या. डाळिंबी होता, समुद्री निळा होता, लग्नातल्या गाड्यांचा दुधी होता, तीस वर्षं मारलेला बसचा तांबडा होता. इंदूचा चमचा नव्हता.

त्यांनी अल्बम काढला. प्रत्येक फोटोत इंदूताई राखाडी होत्या. शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांचे रंग मात्र कालच्यासारखे ताजे.

“त्या लांब नाकाच्या गाडीचे दोनशे फोटो आहेत तुमच्याकडं,” इंदूताई त्याच सपाट आवाजात म्हणाल्या. “समोरून, मागून, खालून. मी आडवी आले होते तर म्हणालात, जरा बाजूला हो.”

“टोमणे मारू नको, वेळ नाही.”

“वेळ नाही म्हणूनच मारतेय. नंतर मारायला चव राहायची नाही.”

जनूभाऊंनी नागपूरला लेकीला फोन लावला. अनघा शाळेच्या वह्या तपासत बसली होती.

“अनू, आईचा रंग कोणता गं?”

“बाबा! चाळीस वर्षं संसार केलात आणि मला विचारताय?”

“गव्हाळ म्हणू? सावळी म्हणू?”

“त्या नावांनी स्थळं बघतात, रंग नाही कालवत.” मग वही मिटल्याचा आवाज आला. “आई शेंगदाणे भाजून तळहातावर चोळते ना, साल उडतं आणि खालून गरम दाणा दिसतो. तो. मला तापात थोपटायची तेव्हा अंधारातसुद्धा तो रंग दिसायचा मला.”

जनूभाऊंनी पिवळा घेतला, तपकिरी घेतला, पांढऱ्याचे दोन थेंब टाकले आणि कोऱ्या चमच्यावर पातळ फवारा मारला. चमचा बाटलीच्या तोंडात उभा करून ठेवला. रंग वाळला, आणि वाळल्याबरोबर चमचा गुणगुणायला लागला.

अगदी बारीक. डास दुसऱ्या खोलीत असावा एवढा. पण सूर होता! जनूभाऊंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि गॅलरीतल्या गॅलरीत एक गिरकी घेतली.

तेवढ्यात दारात हमीदभाई उभे. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे, तिथले हे. भोपळ्याला लाखेचं पॉलिश करावं तर यांनी. उत्सवाचा तंबोरा दुरुस्त करून आणला होता, इंदूताईंच्या सुरात जुळवायला.

“भाऊ, वहिनींना जरा सा लावायला...” असं म्हणता म्हणता त्यांची नजर स्टुलावर गेली. त्यांनी तंबोरा हळूच भिंतीला टेकवला, जोडे काढले आणि जवळ येऊन इंदूताईंच्या हाताकडं बघितलं. “घासकाम सुंदर झालंय,” ते म्हणाले.

“तुम्हीही त्याच वाणाचे,” इंदूताई म्हणाल्या.

जनूभाऊंनी चमचा हमीदभाईंच्या कानाशी धरला. हमीदभाईंनी डोळे मिटले.

“सूर वहिनींचाच. पण भाऊ, हा पोर निजवतानाचा आहे. खालच्या सप्तकातला. यावर देऊळ उभं राहायचं नाही.”

“मग तुम्ही सांगा. तुम्ही पाहिलंय हिला.”

“मी? मी तंबोरा घेऊन येतो तेव्हा वहिनी दारात असतात, पाठीमागून ऊन. पहिली तार छेडली की यांची मान अशी एवढी वळते. त्या वेळी...” त्यांनी हवेत बोटं चोळली, जणू बोटांना काही लागलंय. “भोपळ्याला लाखेचा तिसरा हात दिला आणि तो अजून थोडा ओला आहे. आत उजेड शिरतो आणि परत निघायला मागत नाही. तो रंग.”

“म्हणजे पारदर्शक!” जनूभाऊ ओरडले. “एक रंग नव्हेच हा! थर आहेत, इंदू, थर! खाली शेंगदाणा, वर लाख!”

त्यांनी मधासारखा पारदर्शक रंग कालवला आणि त्याच चमच्यावर दुसरा थर दिला. चमचा थांबला, घुटमळला, आणि वरच्या पट्टीत गाऊ लागला. हमीदभाईंनी तंबोऱ्याची खुंटी पिळली, तार चमच्याला मिळवली. तार आणि चमचा एकमेकांना लागले, तसे खणातले एकशे बारा चमचे खुळखुळले.

“अजून एक थर हवा,” हमीदभाई कान टवकारून म्हणाले. “सूर आहे, धार नाही. अनूचा झाला, माझा झाला. आता तुमचा द्या.”

जनूभाऊंनी डोळे मिटले. डोळ्यांपुढं गाड्या आल्या. एकामागून एक, सगळ्या आपापल्या रंगात, रांगेनं, दिवे लावून. रांग संपेना. दीड वाजला, पावणेदोन झाले. घड्याळाचे आकडे पाण्यात भिजलेल्या चिकटचित्रांसारखे सुटून तबकडीवरून खाली घसरायला लागले होते. एक आणि दोन तर फरशीवर पडलेच.

“नसेल आठवत तर राहू द्या,” इंदूताई म्हणाल्या. “शरयूबाईंना निरोप पाठवा. दुसरं कुणी तरी धरील झील.”

“कुणी धरील?” जनूभाऊ म्हणाले.

“कुणी नाही. पण निरोप पाठवायची रीत असते.”

आणि मंडळी, ‘रीत’ म्हणताना त्या राखाडी ओठांची एक कड किंचित खाली गेली, तशी जनूभाऊंच्या डोळ्यांपुढची गाड्यांची रांग मध्येच तुटली. त्या फटीतून त्यांना देऊळ दिसलं. फार वर्षांपूर्वीचं. मध्यंतराचा बुक्का फिरत होता. ते पुरुषांकडं बसलेले, इंदू बायकांत. नव्यानं लग्न झालेली. तिनं बुक्का लावला, थोडा नाकात गेला, आणि ती अशी शिंकली की मृदंगवाल्याचा हात चुकला. सगळं देऊळ तिच्याकडं वळलं. काळ्या बुक्क्याखालून तिच्या गालावर लाली चढली. खालून वर. थराथरानं.

“तो लाल!” जनूभाऊ म्हणाले. “हमीदभाई, तो लाल मी दुसऱ्या दिवशी बसच्या मडगार्डावर शोधत बसलो होतो! अर्धा दिवस! साहेबांनी पुसायला लावला. म्हणाले, ओतारी, ही बस आहे!”

“मला कधी सांगितलं नाहीत,” इंदूताई म्हणाल्या.

“लागला नव्हता ना तो लाल. न लागलेला रंग काय सांगायचा?”

त्यांनी टेबलाकडं बघितलं. लांब नाकाची गाडी चार थरांवर थांबली होती. बाटलीच्या तळाशी पाचव्या थरापुरता पारदर्शक लाल होता. जनूभाऊंनी क्षणभरही विचार केला नाही. गाडी उचलून खिडकीत ठेवली, बाटली उपडी करून लाल रंग प्याल्यात ओतला, विरळ केला, इतका की पाण्यात नुसती आठवण उरावी, आणि चमच्यावर तिसरा थर मारला.

काय सांगू! चमचा गायला! खुल्या गळ्यानं, देवळातल्या सुरात! खणातले चमचे झांजांसारखे आपटू लागले, तंबोऱ्याच्या तारा कुणी न छेडता घुमल्या आणि हमीदभाई “वाहवा, वाहवा” करत जमिनीवरच बसले.

मग जे काम चाललं ते बघायला तुम्ही हवे होतात. जनूभाऊंचा हात हलत नव्हता, वाहत होता. फवारा अंगाच्या बाहेर सुरू करायचा, अंगावरून न्यायचा, बाहेरच थांबवायचा. एक थर, मग वीस मिनिटं. दुसरा थर, मग वीस मिनिटं. हमीदभाईंना धूळ अडवायच्या कामावर नेमलं होतं. ते गॅलरीतून वाकून ओरडायचे, “खाली कोण झाडतंय? बंद! गादी कुणी झटकायची नाही! अहो ताई, मांजर आत घ्या, तिचे केस उडतायत!” आणि प्रत्येक थराबरोबर इंदूताईंचा सूर भरत चालला. आधी त्याला कोपर आलं. मग मनगट आलं. मग बोटं आली, एकेक करून.

“वरून चकाकीचा हात?” हमीदभाईंनी विचारलं.

“मला बस करू नका,” इंदूताई म्हणाल्या. आवाजात चढ होता! उतार होता! “मेलं उन्हात चमकायला मी काय नवीन डबा आहे?”

जनूभाऊ हसत सुटले. शेवटचा हात त्यांनी चकाकी नसलेला दिला, साय धरावी तसा.

पाचला वीस मिनिटं कमी होती. आता फक्त वाळायचं राहिलं. या धंद्यात एक नियम आहे, आणि जनूभाऊंनी तो हाताखालच्या प्रत्येक रंगाऱ्याला तीस वर्षं घोकून घ्यायला लावला होता: वाळलंय का बघायचं असेल तर चमच्याला बोट लावा, गाडीला लावू नका. गाडी वाळल्यासारखी दिसते, वाळलेली नसते. बोट मागतंच, पण बोटाला द्यायचं नाही.

चमचा समोर उभा होता. जनूभाऊंनी बोट पुढंही केलं, चमच्याकडंच. आणि त्याच वेळी इंदूताईंनी झील लावून बघितली. पूर्ण. अशी की गॅलरीच्या गजांवरचं ऊन हललं. जनूभाऊंचं बोट वाटेतच वळलं आणि इंदूताईंच्या डाव्या गालावर टेकलं.

त्यांनी झटकन ओढून घेतलं. पण झालं ते झालं. गालावर ठसा उमटला होता, रेघ न् रेघ स्पष्ट. चक्र. जनूभाऊंच्या तर्जनीचं चक्र. आणि तर्जनीचं टोक गुळगुळीत राखाडी झालं होतं.

“पाणीपेपर द्या हमीदभाई, दोन हजारांचा! दहा मिनिटांत घासून...”

“घासायचं नाही,” इंदूताई म्हणाल्या.

“डाग दिसेल, इंदू!”

“दिसू दे. लोक विचारतील, कुणाचं बोट? सांगीन, यांचं.” मग त्यांचं लक्ष जनूभाऊंच्या हाताकडं गेलं. “काय झालं बोटाला?”

“रंग लागलाय,” जनूभाऊ म्हणाले आणि हात मागं घेतला. “पुसतो. तू नीघ. रिक्षा आली.”

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. शरयूबाई उभ्या राहिल्या, त्यांच्या मागं तंबोरा घेऊन हमीदभाई, आणि तंबोऱ्याशेजारी इंदूताई, जशा होत्या तशा. तशाही नव्हेत. शेंगदाण्यावर लाख, लाखेवर ती लाली, आणि गालावर चक्र. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पहिल्याच पदाला बाईंनी शब्द सोडला, इंदूताईंनी उचलला, आणि देऊळ उभं राहिलं! खांब, घंटा, माणसं, सगळं त्या एका सुरावर!

जनूभाऊ तिसऱ्या ओळीत होते. बोटाचं प्लास्टिक तळव्यापर्यंत आलं होतं, तळव्याचं खांद्यापर्यंत. त्यांना त्याचं काही नव्हतं. ते इतके हरखले होते की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते राखाडी गालावरून थेंबाथेंबानं घरंगळत होतं, जिरत नव्हतं. ते टाळ्या वाजवत होते. टाळीचा आवाज येत होता टक् टक्, टक् टक्.

शरयूबाई निरूपण थांबवून हसल्या. “ही चिपळी कोण वाजवतंय? वाजवा, वाजवा! लयीला पक्की आहे!”

देऊळ हसलं. बाईंनी लय वाढवली. चिपळी वाढली. माणसं उभी राहिली, डोलू लागली, मुखानं नाम घेऊ लागली, आणि इंदूताईंच्या आणि जनूभाऊंच्या मध्ये माणसांची भिंत झाली. इंदूताईंना चिपळी ऐकू आली. ती कशाची आहे हे त्या देवळात फक्त त्यांनाच कळलं. त्यांनी मान उंचावली, टाचा वर केल्या. माणसांच्या डोक्यांवरून त्यांना फक्त दोन हात दिसले, वर उचललेले, राखाडी.

त्याच वेळी शरयूबाईंनी शब्द सोडला आणि श्वास घ्यायला सुरुवात केली. इंदूताईंनी शब्द उचलला. बाईंचा श्वास लांबला. लांबतच गेला. छातीत एवढा श्वास मावतो कसा, असं वाटावं इतका. अख्खं देऊळ इंदूताईंच्या सुरावर उभं होतं आणि सूर खाली ठेवायला कुठंच जागा नव्हती. त्या गात होत्या आणि गर्दीतून वाट काढत त्यांची नजर शोधत होती. एक कान दिसला असता तरी चाललं असतं, मानेचा एक तुकडा दिसला असता तरी. दिसत नव्हता.

आणि आपण? आपण सगळे इंदूताईंकडं बघत होतो. दिवसभर त्यांच्याकडंच बघत आलो.

मंडळी, बाईंचा श्वास अजून पुरा झालेला नाही. तेवढ्यात एक करा. बसच्या बाजूला शिडी लावून उभे असताना, तंबोऱ्यांच्या गल्लीतून चालताना, आइस्क्रीमच्या दुकानात रिकामे चमचे मागून घेताना, कुठंही, कधीही तुम्ही त्यांना पाहिलं असेल, तर आठवा. जनार्दन ओतारी. त्यांच्या उजव्या कानामागं अंगठ्याएवढी जागा अजून राखाडी व्हायची उरली आहे. तिचा रंग कसा होता, तेवढं आठवा.